बी.आर्क की सिव्हिल: भाचीच्या ॲडमिशनचं नाशिकमधलं प्रकरण

दाजींचा फोन आला तेव्हा अकरा हजार भरून झालेले होते. कॉलेज रोडला कुठल्याशा संस्थेचं ॲडमिशन ऑफिस, गार एसी, समोर पाण्याच्या बाटल्या, आणि टाय लावलेला एक पोरगा. त्याने सांगितलं की आर्किटेक्चर आणि बिल्डिंग टेक्नॉलॉजी अशी एकत्र चार वर्षांची डिग्री आहे, नाटा-बिटा असली आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा काही द्यायची गरज नाही, शेवटी आर्किटेक्टच म्हणतात सगळे, आणि सीटा दोनच उरल्यात. दाजी पिंपळगावकडचे द्राक्षवाले. व्यापाऱ्याशी किलोमागे पन्नास पैशांसाठी तासभर भांडतील, पण मुलीच्या शिक्षणाचा विषय आला की खिशात हात आपोआप जातो, त्यात मार्चअखेर, माल नुकताच गेलेला, हातात पैसे. टोकन भरलं, पावती घेतली आणि मग मला फोन, "तू बांधकामातला आहेस ना, जरा बघून घे कसं आहे ते."

हे 2025 चं प्रकरण. पूर्ण लिहून ठेवतोय, कारण त्यानंतर ओळखीतल्या तिघा-चौघांनी मला हेच विचारलं आणि दरवेळी फोनवर तासभर जातो.

आधी माझं सांगतो. मी सिव्हिल डिप्लोमावाला, वीस-बावीस वर्षं नाशकात साइट सुपरव्हिजन आणि एस्टिमेट करतोय, आर्किटेक्ट लोकांबरोबर रोजचं उठणं-बसणं. म्हणजे या प्रकरणात मी तटस्थ वगैरे नव्हतो. पहिल्या दिवसापासून माझं मत होतं की पोरीने सिव्हिल करावं. ते मत कुठे टिकलं आणि कुठे नाही ते पुढे येईलच.

भाचीने दहावीनंतर सिव्हिलचा तीन वर्षांचा डिप्लोमा घेतलेला, तेव्हा शेवटचं सेमिस्टर चालू होतं, मार्क चौऱ्याऐंशीच्या आसपास. डिप्लोमानंतर सरळ रस्ता म्हणजे डायरेक्ट सेकंड इयर, बी.ई. सिव्हिल तीन वर्षांत हातात. पण तिच्या डोक्यात आर्किटेक्चर होतं. आता इथे मेख अशी आहे की बी.आर्क.ला, म्हणजे आर्किटेक्चरच्या डिग्रीला, डिप्लोमावाल्यांना थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश नाहीच. गणित विषय असलेला तीन वर्षांचा डिप्लोमा पंचेचाळीस टक्क्यांनी पास असाल तर पात्र आहात, पण बसायचं पहिल्या वर्षाला, बारावी करून आलेल्या पोरांच्या शेजारी. पाच वर्षं, दहा सेमिस्टर. म्हणजे एकीकडे बाविसाव्या वर्षी इंजिनियर, दुसरीकडे चोविसाव्या वर्षी आर्किटेक्ट. ताईने बोटांवर मोजलं आणि म्हणाली, "मग ते तीन वर्षं काय पाण्यात घातलेत का?" त्यावर त्या वेळी माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणि म्हणूनच तो टायवाला पोरगा दाजींना पटला. नाटा नाही, पाच वर्षं नाहीत, नावात आर्किटेक्चर आहे.

तर पहिलं काम, ती डिग्री नेमकी काय आहे ते बघणं. आर्किटेक्ट हा शब्द आपल्याकडे कायद्याने राखलेला आहे, आर्किटेक्ट्स ॲक्ट 1972. मान्यताप्राप्त बी.आर्क. करायचं, कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नाव नोंदवायचं, मगच पाटीवर आर्किटेक्ट लिहायचं. कौन्सिलच्या वेबसाइटवर मान्यता असलेल्या कॉलेजांची यादी असते, कोणाला त्या वर्षी किती सीट मंजूर तेही असतं, आणि काहींच्या पुढे त्या वर्षी प्रवेश घ्यायचे नाहीत असाही शेरा असतो, त्यामुळे मागच्या वर्षीची यादी बघून चालत नाही. आम्ही मोबाईलवर तिथेच बसून शोधलं. ती संस्था यादीत नव्हती. दाजी म्हणाले, "पण त्याने एआयसीटीईचा कागद दाखवला की." दाखवला असेल. एआयसीटीई म्हणजे तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद, पण आर्किटेक्चर कॉलेजला तिची मान्यता लागतच नाही, कौन्सिलची लागते. हा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता, कोल्हापूरच्या प्रिन्स शिवाजी मराठा बोर्डिंग हाउसच्या आर्किटेक्चर कॉलेजची केस, नोव्हेंबर 2019 मध्ये निकाल लागला की आर्किटेक्चर शिक्षणाच्या बाबतीत शब्द कौन्सिलचाच. एआयसीटीईचा कागद इंजिनियरिंगसाठी विचारायचा.

एक मात्र स्पष्ट करतो, बिल्डिंग टेक्नॉलॉजी किंवा कन्स्ट्रक्शन टेक्नॉलॉजी नावाच्या डिग्र्या काही खोट्या नसतात. अहमदाबादच्या सेप्टमध्ये कन्स्ट्रक्शनचं शिक्षण चांगलं नावाजलेलं आहे. इमारत कशी बांधायची, प्लॅनिंग, कॉस्टिंग, मटेरियल, साइट कशी चालवायची हे ज्याला आवडतं त्याने तेच करावं, त्यात कमीपणा काही नाही, माझी रोजीरोटी त्यावरच आहे. फसवणूक डिग्रीत नव्हती, "आर्किटेक्टच म्हणतात" या वाक्यात होती. ते अकरा हजार परत आले नाहीत. दाजी तीनदा गेले, एकदा मीही गेलो, दरवेळी साहेब मीटिंगला गेलेले, शेवटी "पुढच्या ॲडमिशनमध्ये ॲडजस्ट करू" असं उत्तर. कोणाची पुढची ॲडमिशन, देव जाणे.

आता माझा सिव्हिलचा मुद्दा. महापालिकेत प्लॅन सबमिट करायला आर्किटेक्टची सही चालते तशी लायसन्स घेतलेल्या इंजिनियरचीही चालते, त्याच्या पात्रतेप्रमाणे. मार्च 2020 चा सुप्रीम कोर्टाचाच निकाल आहे की कायद्याने आर्किटेक्ट ही उपाधी राखीव आहे, इमारत डिझाइन करण्याचं काम नाही. म्हणजे भाची बी.ई. करून लायसन्स काढून घरं डिझाइन करू शकते, नाशकात निम्म्या गल्ल्यांमधले बंगले असेच झालेत. फक्त स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येणार नाही. दोन वर्षं वाचतात, त्या दोन वर्षांत पगार चालू होतो, आणि सिव्हिलवाल्याला सरकारी परीक्षांचा रस्ताही मोकळा राहतो. मी हे सगळं तिला वहीत लिहून दिलं, अगदी मुद्देसूद. तिने वाचलं आणि विचारलं, "मामा, तुम्हाला काय करायला आवडलं असतं?" असला प्रश्न एस्टिमेटवाल्याला विचारायचा नसतो.

मग मी एक गोष्ट केली, हुशारी म्हणून नाही, वाद टाळायला म्हणून. जुन्या नाशकात आमच्या लांबच्या नात्यातला एक वाडा आहे, अर्धा पडका, खाली एक म्हातारं जोडपं राहतं, वर कबुतरं. त्यांना दुरुस्तीचं एस्टिमेट हवं होतं. म्हटलं, चल, एक रविवार माप घ्यायला मदत कर, प्लॅन तू काढ, बघू तुला काय जमतंय.

तिने टेप धरली, वहीत कच्चा प्लॅन काढला, ओटा, देवडी, चौक, सोपा, माजघर. ज्या बाजूने तीन खोल्या एका ओळीत होत्या तिथली आतली मापं अकरा फूट चार इंच, नऊ फूट दोन इंच आणि तेरा फूट, बेरीज साडेतेहतीस फूट. घरी जाऊन ऑटोकॅडवर बसवलं. बाहेरून मी माप घेतलं होतं, अडतीस फूट आठ इंच. तिचं आलं साडेछत्तीस. दोन फूट दोन इंच गायब. रात्री साडेदहाला फोन, "मामा, तुमची बाहेरची टेप चुकली." माझी टेप चुकली नव्हती. तिने चारही भिंती नऊ इंची धरल्या होत्या, कारण डिप्लोमात तीन वर्षं तिने नऊ इंचाच्या भिंतीच काढल्यात. वाड्याच्या बाहेरच्या भिंती पावणेदोन फुटी, आतल्या दहा-दहा इंची. भिंतीची जाडी मोजायची असते हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं, कारण नव्या बिल्डिंगमध्ये ती ड्रॉइंगवर लिहिलेली असते.

पुढच्या रविवारी ती माझ्याआधी पोचलेली. दाराच्या कडेला टेप लावून प्रत्येक भिंतीची जाडी घेतली, आणि मग तिला माजघराचा संशय आला, कारण तिथल्या फरश्या एका कोपऱ्यात कापून बसवल्या होत्या. तेरा बाय अकराची खोली, दोन्ही कर्ण घेतले, एक सोळा फूट दहा इंच, दुसरा सतरा फूट तीन इंच. पाच इंचांचा फरक. खोली काटकोनात नाहीच. ती बराच वेळ तिथे बसून होती, वर कडीपाटाकडे बघत, आणि मग तिने शोधून काढलं की गल्लीच थोडी तिरकी आहे आणि वाड्याची पुढची भिंत गल्लीला धरून घेतलेली, म्हणून आतली प्रत्येक खोली थोडी थोडी कलत गेलीये, आणि ज्याने बांधलं त्याने तो कल माजघरात आणून जिरवला, जिथे पाहुण्याला दिसणार नाही. आजोबांना विचारलं तर ते म्हणाले, "असेल बाई, आम्ही ऐंशी वर्षं झोपतोय इथे, पलंग तिरका लागतो खरा."

मी भिंतीला तडे कुठे आहेत ते बघत होतो, ती भिंत अशी का आहे ते बघत होती. त्या दिवशी मी वही बंद केली. माझं मत बदललं असं नाही, पण तिचं ठरलेलं आहे हे मला दिसलं, आणि कॉलेज कुठलं हा प्रश्न खरं तर तिथून सुरू झाला. त्याआधी आम्ही नुसत्या बिल्डिंगा आणि ब्रोशर बघत होतो.

नाटाचं थोडक्यात. महाराष्ट्राच्या कॅपमध्ये, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, बारावीचे किंवा डिप्लोमाचे मार्क आणि नाटाचे मार्क यांना सारखं वजन. नाटा दोनशे मार्कांची, त्या वर्षी ऐंशी मार्कांचं ड्रॉइंग कागदावर आणि एकशेवीस मार्कांचं कॉम्प्युटरवर. त्या वर्षी जास्तीत जास्त तीनदा देता येत होती. तिला पहिल्यांदा अठ्ठ्याण्णव पडले, कारण दिलेल्या सामानातून थ्रीडी रचना करा या प्रश्नावर तिने स्ट्रक्चर स्टेबल ठेवण्यातच वेळ घालवला. सिव्हिलचं पोर, पडू नये ही पहिली काळजी. दुसऱ्यांदा एकशेबारा. म्हणजे डिप्लोमा चौऱ्याऐंशी टक्के, नाटा छप्पन्न टक्के, सरासरी सत्तर. यात मजा अशी की डिप्लोमाचे जे वर्ष "पाण्यात गेले" म्हणत होतो त्यांनीच मेरिट वर ओढलं. जेईईचा पेपर टू-ए मात्र तिने भरलाच नव्हता, त्यामुळे नागपूरचं व्हीएनआयटी किंवा दिल्ली-भोपाळचं एसपीए यादीतच नाही. ज्यांना तो रस्ता ठेवायचा असेल त्यांनी तो फॉर्म आधीच भरावा, नुसत्या नाटावर तिकडे घेत नाहीत.

मग कॉलेजं. नाशकातच मविप्रचं आर्किटेक्चर कॉलेज आहे, विद्यावर्धन ट्रस्टचं आयडिया आहे, दोन्ही पुणे विद्यापीठाशी संलग्न. पुण्यात बरीच, त्यात कर्वेनगरचं भानुबेन नानावटी फक्त मुलींचं म्हणून ताईला आवडलेलं. आम्ही नाशिक-पुणे मिळून पाच ठिकाणी गेलो, आणि जाण्याचा दिवस मुद्दाम असा निवडला की सेमिस्टरअखेरची ज्युरी, म्हणजे मुलांच्या डिझाइनची समोरासमोर तपासणी, चालू असेल. हा सल्ला मला एका आर्किटेक्ट मॅडमनी दिला ज्यांच्या साइटवर मी काम करतो. त्या म्हणाल्या, ओपन डेला गेलात तर फुलं दिसतील, ज्युरीला गेलात तर कॉलेज दिसेल.

एक ठिकाण असं होतं, नाव नको, की आत शिरल्यावर हॉटेलात आल्यासारखं वाटलं. काचेची लिफ्ट, लॉबीत मोठं मॉडेल काचेच्या पेटीत, खाली साल बघितलं तर सात वर्षांपूर्वीचं. कॉम्प्युटर लॅब बंद, चावी क्लार्ककडे, क्लार्क जेवायला. स्टुडिओत टेबलं एकदम कोरी, एकावरही कटरचा ओरखडा नाही. दाजींना हे कॉलेज सगळ्यात आवडलं. मी म्हटलं, दाजी, तुमच्या शेडमध्ये एकही कॅरेट फुटलेलं नसेल तर माल निघतो असं म्हणाल का तुम्ही? ते त्यांना लगेच कळलं.

दुसऱ्या एका ठिकाणी पंखे खडखडत होते, कॉरिडॉरमध्ये माउंटबोर्डचे तुकडे आणि फेविकॉलचा वास, एक मुलगा टेबलाखाली बॅग उशाला घेऊन झोपलेला, रात्रभर जागलेला असणार. तिसऱ्या वर्षाची ज्युरी चालू होती, बाहेरून आलेल्या एका आर्किटेक्टने एका मुलीच्या प्लॅनवर बोट ठेवून विचारलं, "पावसात हा माणूस छत्री कुठे मिटतो?" ती गप्प. तो पुढे काही बोलला नाही, तीही नाही, पण तिने पेन्सिलने तिथे एक गोल काढला. आमची भाची दाराशी उभी राहून ऐकत होती. नंतर एका सरांनी तिला हटकलं, कुठून आलीस, काय करतेस, तिने वाड्याचा प्लॅन मोबाईलवर दाखवला, सरांनी झूम करून भिंती बघितल्या आणि म्हणाले, "कर्ण घेतलेस का?" झालं. त्यापुढे मी काही बोलायचं शिल्लक नव्हतं.

तरी मी माझं केलंच. बाहेर चहाच्या टपरीवर चौथ्या-पाचव्या वर्षाच्या पोरांना विचारलं, ट्रेनिंगला कुठे गेलात, कोणाच्या ऑफिसात, पैसे मिळाले का, साइटवर नेलं की नुसतं थ्रीडी करायला बसवलं. स्टुडिओत एका सरांकडे किती मुलं असतात. सर किती वर्षं टिकतात, की दर सेमिस्टरला नवीन. वर्कशॉपमध्ये लाकूड खरंच कापतात का. ही उत्तरं ऑफिसात मिळत नाहीत. प्लेसमेंटचं कोणी विचारलं की मला हसू येतं, आर्किटेक्चरमध्ये इंजिनियरिंगसारख्या कंपन्या रांग लावून येत नाहीत, सुरुवातीचा पगार आमच्या साइट सुपरवायझरपेक्षा कमी असू शकतो, हे मी तिला आणि ताईला तोंडावर सांगितलं. कोणीतरी सांगायला पाहिजे.

पैशाचं गणित तर आणखी महत्त्वाचं. कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या वेबसाइटवर दिसते, तोंडी सांगितलेल्या आकड्याशी ताडून बघायची. 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी वगैरे गटांत व्यावसायिक अभ्यासक्रमांची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, पण ॲडमिशन कॅपमधूनच पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतली की ती माफी गेली. एका पुण्याच्या कॉलेजमध्ये कोट्यातून लगेच सीट देतो म्हणत होते, दाजी परत खिशात हात घालायला लागले तेव्हा मी हे सांगून थांबवलं. आणि माफी म्हणजे फुकट नव्हे. डेव्हलपमेंट फी भरायची, लॅपटॉप बऱ्यापैकी दणकट लागतो, शीट, बोर्ड, प्लॉटिंग, स्टडी टूर, हे दर सेमिस्टरला चालूच. पुणे म्हटलं की वर हॉस्टेल आणि मेस. शेतकऱ्याकडे पैसे एप्रिलमध्ये असतात आणि ॲडमिशन पावसाळ्यात येते, वर ऑक्टोबर छाटणीचा खर्च समोर उभा. उत्पन्नाचा दाखला मी मे महिन्यातच काढून घ्यायला लावला, तहसीलच्या फेऱ्या ॲडमिशनच्या गर्दीत नको म्हणून.

फॉर्म दोन्हीकडे भरले, बी.आर्क.च्या कॅपला आणि डायरेक्ट सेकंड इयरलाही, कारण माझी आशा सुटली नव्हती. बी.आर्क.च्या ऑप्शन फॉर्मवर मात्र भांडण झालं. दाजींना पुण्याचं नाव वर हवं होतं, "पुणे ते पुणे." पण पहिला पर्याय लागला की तोच घ्यावा लागतो, त्यामुळे वर तेच टाकायचं जिथे खरंच जायचंय. तिने नाशिकचं वर टाकलं. दुसऱ्या राउंडला तेच लागलं. नाशकातल्या दोनपैकी कुठलं ते लिहीत नाही, नाहीतर लोक प्रश्न न विचारता तेच भरतील. सेकंड इयर सिव्हिलची सीटही लागली होती, तीही चांगल्या कॉलेजात. ती सोडताना मी एकटाच हळहळलो.

ती आता आमच्याकडे राहते, सिटीलिंकच्या बसने जाते-येते, आणि हॉलमधल्या डायनिंग टेबलावर आमचं जेवण बंद झालंय कारण तिथे कटिंग मॅट आहे. पहिलं सेमिस्टर झालं. बिल्डिंग कन्स्ट्रक्शनमध्ये वर्गातली पोरं तिच्याकडून इंग्लिश बाँड, फ्लेमिश बाँड या विटा रचायच्या पद्धती समजून घेतात. डिझाइनला मात्र जेमतेम पास. सर म्हणाले की तुझी घरं उभी राहतात पण त्यात कोणी राहत नाही. दोन दिवस रडारड झाली. ताईने मला फोन करून विचारलं की अजून सिव्हिलला बदलता येतं का, मी म्हटलं या वर्षीची डायरेक्ट सेकंड इयर आहे समोर, विचार तिला. तिने ताईला उत्तर दिलं नाही, मला दिलं, "मामा, रविवारी शिडी आणाल का?"

वाड्याची माडी राहिली होती. जिना अर्धा खचलाय, वर कोणी गेलेलं नाही कित्येक वर्षांत, आणि आजोबांच्या मुलांचं आता बिल्डरशी बोलणं चालू आहे, त्यामुळे माडी मोजायची तर आत्ताच. गेल्या रविवारी मी खाली शिडी धरून उभा होतो, ती वरून कबुतरांच्या फडफडाटात आकडे ओरडत होती, आधी जाडी, मग आतलं माप.